आधी झाडं, मग मासे: घरच्या टाकीतली पाणबाग

पिंपळगाव बसवंतला माझं कृषी सेवा केंद्र आहे. दुकानाच्या वर घर, आणि घराच्या हॉलमध्ये दोन फुटी काचेची टाकी. कुणी शेतकरी चहाला वर आला की टाकीसमोर उभा राहून विचारतो, "ताई, मासे कुठंयत?" मासे आहेत, पण झाडांच्या मागे शोधावे लागतात. मला टाकी अशीच आवडते. हे लिहितेय ते अशी हिरवी टाकी हवी असणाऱ्यांसाठी. माशांची जोडी घेऊन घरी निघालेल्यांनी ती दुकानदाराकडेच ठेवावी, महिना-दीड महिन्याने आणावी.

टाकी २४ × १२ × १५ इंचांची घ्या, ६ मिलिमीटर काचेची. हिशोबाने ७० लिटर होतात, पण माती, दगड आणि वरची मोकळी जागा सोडली की ५५ ते ६० लिटर पाणी राहतं. यापेक्षा लहान टाकी नवख्याने घेऊ नये, थोड्या पाण्यात चूक लगेच अंगाशी येते. भरलेली टाकी शंभर किलोच्या आसपास जाते, म्हणून टीव्हीच्या टेबलावर नको. लोखंडी स्टँड, त्यावर प्लायवूड, त्यावर थर्माकोलची शीट. खिडकीसमोर ठेवू नका, सकाळचं ऊन रोज तासभर आलं तरी पाणी हिरवं होतं.

पाणी

दुकानात द्राक्षवाले पाण्याचा रिपोर्ट घेऊन येतात, तसाच विचार टाकीचाही करायचा. आमच्या निफाड तालुक्यात बोअरचं पाणी जड. बायकार्बोनेट भरपूर, टीडीएसचा, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा, आकडा मोठा. नळाचं पाणी हलकं, पण त्यात ब्लीचिंग पावडर. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की पाणीपुरवठावाले तिचं प्रमाण वाढवतात, वासावरूनच कळतं. असं पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवा किंवा हायपो, म्हणजे क्लोरीन घालवणारं सोडियम थायोसल्फेट, वापरा. १० ग्रॅम हायपो १ लिटर पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा, १५ लिटरच्या बादलीला त्यातलं १० मिली पुरतं. क्लोरीनचा वास उग्र असेल त्या दिवशी दुप्पट टाका, तेवढ्याने बिघडत नाही.

आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी लोक मोठ्या काटकसरीने टाकीत ओततात. ते नको, क्षार त्यातच गोळा झालेले असतात. त्या पाण्याने फरशी पुसा. पावसाचं पाणी मात्र सोन्यासारखं. पहिल्या दोन-चार सरींनी गच्ची धुतली गेली की पुढचं ड्रममध्ये साठवा. ते आणि बोअरचं निम्मं निम्मं मिसळलं की बहुतेक झाडांना चालतं. ड्रम नवा हवा. फवारणीचा ड्रम कितीही धुतला तरी नको.

पाणी जडच असेल तर त्याच्याशी भांडू नका, त्याला मानवणारी झाडं लावा. व्हॅलिस्नेरिया पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन घेऊ शकते, त्यामुळे बोअरच्या पाण्यात ती गवतासारखी पसरते. माशांत गप्पी, प्लॅटी, मॉली यांना जड पाणी आवडतं. निऑन टेट्राचा हट्ट नळाच्या किंवा पावसाच्या पाण्यावाल्यांनी करावा.

माती, वाळू, दगड

परदेशी तयार माती मिळते, चांगली असते, महाग असते. मी साधी माती वापरते, पण आमची काळी नाही. काळी फुगते, पाणी दुधाळ करते आणि तिच्यात चुनखडीचे खडे असतात. नर्सरीतून लाल माती आणा, पण शेणखत मिसळलेली नको. कुंडीसाठी तयार केलेलं मिश्रण पाण्याखाली गेलं की अमोनिया सोडतं. माती चाळा, पाण्यात भिजवून वर तरंगणारा कचरा काढा, उन्हात वाळवा, पुन्हा भिजवा. दोन-तीन वेळा असं केलं की तिचा उग्रपणा जातो.

टाकीत मातीचा थर २ ते अडीच सेंटिमीटर, काचेच्या कडेला थोडी मोकळी पट्टी सोडून. त्यावर ३ ते ४ सेंटिमीटर जाड वाळू. नदीची वाळू शोधत फिरू नका, ठिबकच्या सँड फिल्टरमध्ये भरतात ती सिलिका वाळू घ्या. २ ते ३ मिलिमीटरचा दाणा, धुतला की स्वच्छ, आणि चुना नाही. ठिबकच्या कोणत्याही डीलरकडे मिळते. मागच्या बाजूला थर उंच, पुढे उतरता.

दगडाचं आमच्याकडे कौतुक जास्त. विहीर खणली की काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतून पांढरे, हिरवट स्फटिक निघतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात त्यांचे सुरेख नमुने मांडलेत. लोक मला ते आणून देतात, "टाकीत छान दिसेल" म्हणतात. पांढरा स्फटिक झिओलाइट असेल तर ठीक, पण कॅल्साइट असेल तर तो हळूहळू विरघळून पाणी आणखी जड करतो. लिंबाच्या रसाने नीट कळत नाही. बाथरूम साफ करायच्या ॲसिडचा एक थेंब, घराबाहेर, हातमोजे घालून. फसफसलं तर तो दगड शोकेसमध्ये ठेवा. साधा काळा पाषाण आणि कोकणातला जांभा दोन्ही चालतात.

द्राक्षाची जुनी खोडं दिसायला फार देखणी असतात, पण त्यांवर वर्षानुवर्षं मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि काय काय फवारलेलं असतं, शिवाय पाण्यात ती लवकर कुजतात. लाकूड हवंच असेल तर मत्स्यालयाच्या दुकानातलं घ्या, उकळा, बुडेपर्यंत भिजत ठेवा. पाणी चहाच्या रंगाचं झालं तर घाबरू नका.

लागवड

पहिल्याच दिवशी दाट लावा. चार काड्या रोवून "वाढतील हळूहळू" म्हणणाऱ्याच्या टाकीत आधी शेवाळ वाढतं. माती जेमतेम बुडेल एवढंच पाणी ठेवून लांब चिमट्याने लावायचं, झाडांवर स्प्रेने पाणी मारत राहायचं.

मागच्या रांगेत व्हॅलिस्नेरिया आणि हायग्रोफिला पॉलिस्पर्मा. हायग्रोफिला आपल्याच देशातली, कशीही वाढते. मध्ये ब्राह्मी, तीच औषधी. नर्सरीतली ब्राह्मी हवेत वाढलेली असते, पाण्याखाली तिची जुनी पानं गळतात आणि शेंड्याला पातळ नवी येतात. पुढे क्रिप्टोकोरीन वेंडटी, थोडक्यात क्रिप्ट. ही लावल्यावर आठवड्याभरात सगळी पानं विरघळून जातात आणि माणूस ती उपटून फेकतो. फेकू नका. मूळ जिवंत असतं, महिन्याभरात नवी पानं फुटतात. जावा फर्न आणि अनुबियास मातीत पुरायचे नाहीत. त्यांचा जाड आडवा कंद पुरला की सडतो. दगडावर सुती दोऱ्याने बांधा किंवा फेविक्विकचा थेंब लावा, दोन्ही चालतं.

नर्सरीतून आणलेलं प्रत्येक झाड वेगळ्या बादलीत दोन आठवडे ठेवा, पाणी चार-पाच वेळा बदला. हे मी औषधं विकणारी बाई म्हणून सांगते. इमिडाक्लोप्रिडसारख्या कीटकनाशकाचा अंशही टाकीतली कोळंबी मारायला पुरतो, सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड औषधं माशांना अगदी थोडक्यात मारतात. डास पळवायच्या लिक्विड मशीनमध्येही त्याच कुळातलं औषध असतं आणि हवेचा पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. टाकीच्या खोलीत ते मशीन नको. शेजारच्या प्लॉटवर फवारणीचा ब्लोअर चालू असेल तर खिडकी बंद. दुकानातून वर आल्यावर मी कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय टाकीला हात लावत नाही, आणि मुलालाही लावू देत नाही.

लागवड झाली की वाळूवर प्लॅस्टिकचा कागद किंवा ताटली ठेवून त्यावर बारीक धारेने पाणी सोडा. एवढं सांभाळलं तर पाणी त्याच दिवशी निवळतं.

उजेड, फिल्टर, हीटर

दोन फुटी एलईडी बॅटन, १० वॅटच्या दोन, ६५०० केल्विनच्या, म्हणजे दुकानात ज्याला कूल डेलाइट म्हणतात त्या. रोज सहा तास, झाडं जमली की सात-आठ. टायमर लावाच, पण चावीसारखा फिरणारा स्वस्त टायमर घेऊ नका. वीज गेली की तो थांबतो, भारनियमनात रोज मागे पडत जातो आणि आठवड्याने टाकीत मध्यरात्री दिवस उगवतो. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या.

या टाकीला हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर पुरतो. एकाऐवजी दोन लावा, दुसऱ्याचं काम पुढे येईल. स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीतल्याच पाण्यात पिळायचा. त्यात राहणारे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिली दोन्ही माशांना विषारी, तिसरं झाडांचं खत. हे जिवाणू रुजायला चार ते सहा आठवडे लागतात, मासे थांबवायला सांगितले ते म्हणूनच. कुणाच्या चालू टाकीतला मळका स्पंज मिळाला तर तुमच्या टाकीत पिळा, वेळ वाचतो. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की मग मासे, तेही सहा-सात आणि लहान.

हीटर इथे चैनीची वस्तू नाही. निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत कुठे जातो ते कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राच्या आकड्यांत दरवर्षी पेपरात येतं, पाचच्या खालीही गेलाय. ५० ते ७५ वॅटचा हीटर २५ अंशांवर लावा. पाणी बदलताना तो आधी बंद करा, उघडा पडलेला गरम हीटर तडकतो. उन्हाळ्यात उलट करायचं, झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडायचा. दोन-तीन अंश सहज उतरतात, पाणी मात्र रोज भरावं लागतं.

कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर या झाडांना लागत नाही. लाल झाडांचा गालिचा हवा असेल त्याने तो खर्च करावा.

खत

आता माझा प्रांत. मत्स्यालयाच्या दुकानात झाडांचं खत म्हणून छोट्या बाटल्या मिळतात. त्यात असतं ते बरंचसं माझ्या रॅकवर पिशव्यांत आहे, पण कोणती पिशवी उचलायची ते कळलं पाहिजे.

पिशवीवरचे तीन आकडे म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे टक्के. १९:१९:१९ कधीच नाही. त्यातलं बरंचसं नत्र युरिया आणि अमोनियमच्या रूपात असतं. द्राक्षाला ते गुणकारी, माशांना घातक, शेवाळाला मेजवानी. १२:६१:०० सुद्धा नाही, तेही अमोनियमवालं. घ्यायचं १३:००:४५, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. याचं सगळं नत्र नायट्रेट रूपात. स्फुरदासाठी ००:५२:३४. पिशवीवरचा १३ हा आकडा नत्राचा असतो, टाकीच्या टेस्ट किटमधला आकडा नायट्रेटचा, म्हणून १३ ला साधारण ४.४ ने गुणायचं. म्हणजे १ ग्रॅम खतात अर्ध्या ग्रॅमहून थोडं जास्त नायट्रेट.

अर्धा लिटर आरओच्या शुद्ध पाण्यात २५ ग्रॅम १३:००:४५ आणि अडीच ग्रॅम ००:५२:३४ विरघळवा. ही पहिली बाटली. ६० लिटर पाण्याच्या टाकीला आठवड्याला १० मिली. त्यात नायट्रेट पाच पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅम) आसपास पडतं, फॉस्फेट अर्ध्या पीपीएमच्या. माप सोनाराच्या काट्यासारख्या छोट्या डिजिटल वजनकाट्यावर घ्या, चमच्याने नाही. आठवड्याला अर्धा ग्रॅम या हिशोबाने १३:००:४५ ची एक किलोची पिशवी अडतीस वर्षं चालते, तेव्हा गल्लीत चार जणांनी मिळून एक घ्या.

दुसरी बाटली लोहाची, वेगळी. लोह आणि स्फुरद एकत्र केलं की तळाशी साका बसतो. कॅल्शियम नायट्रेट आणि फॉस्फेट एका टाकीत मिसळायचं नाही हे ज्याला माहीत आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पाणी हलकं असेल तर १२ टक्क्यांचं ईडीटीए लोह (ईडीटीए लोहाला पाण्यात विरघळलेलं धरून ठेवतं), अर्ध्या लिटरला २ ग्रॅम. बोअरच्या अल्कधर्मी पाण्यात ईडीटीए फार टिकत नाही, तिथे ६ टक्क्यांचं ईडीडीएचए घ्या, ४ ग्रॅम. ते टिकतं, पण टाकीला दोन दिवस गुलाबी छटा येते. पाहुणे यायच्या दिवशी टाकू नका. दोन्हीचा डोस आठवड्याला १० मिली, पहिल्या बाटलीच्या दुसऱ्या दिवशी. फवारणीचं ग्रेड २ मायक्रोन्यूट्रिएंट, म्हणजे सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण, मी टाकीत वापरत नाही. त्यात लोहाच्या मानाने जस्त आणि तांबं फार, आणि तांबं कोळंबी-गोगलगायींना चालत नाही.

पहिला महिना खत नाही. माती देत असते. नंतर पानं बघून ठरवा. जुनी खालची पानं सरसकट पिवळी पडली तर नत्र कमी. जुन्या पानांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडून कडा पिवळ्या झाल्या तर पालाश, पहिल्या बाटलीत १० ग्रॅम ००:००:५० वाढवा. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम. तेच चित्र नव्या शेंड्याच्या पानांवर असेल तर लोह. बागेत देठ परीक्षणाचा रिपोर्ट यायच्या आधी आपण पान हातात धरून जे बोलतो, तेच इथे काचेबाहेरून. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि नवं पान येईपर्यंत थांबा. जुनं पान सुधारत नाही.

शेवाळाबद्दल थोडक्यात. पहिल्या महिन्यात तपकिरी थर येतो, आपोआप जातो. हिरवे धागे आले तर उजेड दोन तासांनी कमी करा आणि धागे टूथब्रशवर गुंडाळून काढा. अनुबियासच्या पानांच्या कडेला काळ्या दाढीसारखं शेवाळ उगवलं तर ती पानं कापा. शेवाळ मारायचं औषध मागायला दुकानात येऊ नका, माझ्याकडे मोरचूद आहे आणि मी देणार नाही.

पाणी पहिला महिना आठवड्याला तिसरा हिस्सा बदला, पुढे पंधरा दिवसांनी पाव.

टाकी पुन्हा मांडताना

दीड-दोन वर्षांनी माती बसते, व्हॅलिस्नेरियाचं जाळं पुढच्या काचेपर्यंत येतं, मागे क्रिप्ट गुदमरतात. तळात काठी खुपसल्यावर सडक्या अंड्यांचा वास आला तर आता काढायलाच हवं. मी फेब्रुवारीच्या शेवटी काढते. थंडी ओसरलेली, ऊन चढलेलं नाही. थंडीत मासे बाहेर काढून ठेवू नका.

आदल्या दिवशी माशांना खायला देऊ नका. सकाळी टाकीतलं वरचं स्वच्छ पाणी निम्मं एका नव्या प्लॅस्टिक क्रेटमध्ये काढा, त्यात एक स्पंज फिल्टर चालू करून ठेवा. दुसरा टाकीच्या पाण्याच्या बादलीत, तोही पंपाला लावलेला. स्पंज कोरडा पडला तर जिवाणू मरतात आणि सगळं पहिल्यापासून. मग झाडं आणि दगड काढा, मासे शेवटी पकडा. झाडं असताना जाळी फिरवली तर माती उसळते आणि मासा तरी सापडत नाही. क्रेटवर ओला पंचा टाका, गप्पी आणि डॅनिओ उड्या मारतात.

झाडं ओल्या गोणपाटावर पसरून वरून दुसरं ओलं गोणपाट. हायग्रोफिला आणि ब्राह्मीचे फक्त वरचे वीतभर शेंडे ठेवा, खालची टणक खोडं टाका. क्रिप्टची मुळं अर्धी छाटली तरी चालतं. तळाची माती प्लॅस्टिकच्या सुपलीने उचला, ढवळू नका. ती काळी माती माझ्या सासूबाई मोगऱ्याच्या कुंड्यांना घालतात. वाळू चाळून, धुऊन पुन्हा वापरा.

उरलेली झाडं कॅनॉलमध्ये किंवा गोदावरीत सोडायची नाहीत. आमच्याच तालुक्यात नांदूर मध्यमेश्वर आहे, राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आणि गोदावरीत जलपर्णी आधीच पुरेशी आहे. उन्हात कडक वाळवून मग कंपोस्टला टाका. नको झालेले मासेही दुकानदाराला परत द्या. शेवाळ खातो म्हणून आणलेला सकर मासा फूटभर वाढतो, आणि असे सोडून दिलेले सकर उजनी धरणात मच्छीमारांच्या जाळ्यात किती येतात ते त्यांना विचारा. तो आणूच नका. काचेवरच्या शेवाळाला नेराइट गोगलगाय पुरते.

नवी माती घातली असेल तर त्याच दिवशी मासे परत नको. ते क्रेटमध्येच ठेवा, रोज पाव पाणी बदला, चिमटीभरच खाणं. टाकीत दुसरा स्पंज चालू राहू द्या आणि एक दिवसाआड अमोनिया तपासा. लागोपाठ दोनदा शून्य आला की मासे सोडा. फक्त झाडं हलवली आणि माती तीच ठेवली असेल, तर पाणी निवळल्यावर संध्याकाळीच सोडले तरी चालतात.

पुढचे दोन आठवडे उजेड सहाच तास. क्रिप्ट पुन्हा विरघळतील, कुजलेली पानं तेवढी काढून घ्या. पहिली बाटली महिन्यानंतर, आणि सुरुवातीला १० नाही, ५ मिली.